निळ्या पाण्याचा फ्लास्क : न्यूयॉर्कजवळच्या एका फार्म.डी. कोर्सला पाचपैकी साडेतीन

कॉलेजचं नाव लिहीत नाही. डिग्री (फार्म.डी., म्हणजे अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायला लागते ती पदवी) तिथलीच आहे, लायसन्स त्या डिग्रीवर मिळालंय आणि आमच्या बॅचमधल्या कित्येकांना अजून तिथल्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात. न्यूयॉर्क शहरातून ट्रेनने जाता येतं, खासगी आहे आणि माहितीपुस्तिकेचा कागद फार गुळगुळीत आहे, एवढ्यावर भागवून घ्या.

त्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एक चिनी मुलगी आहे. पांढरा कोट, डोळ्यांवर गॉगल, हातात निळ्या पाण्याचा फ्लास्क, आणि त्या पाण्याकडे ती अशी बघतेय की कॅन्सरवरचं औषध आत्ता या क्षणी सापडलं. ती माझी लॅब पार्टनर. तीन वर्षं आम्ही एकाच टेबलावर मलमं घोटली. निळं पाणी त्या तीन वर्षांत एकदाही लागलं नाही. फोटोग्राफर येताना केकमध्ये घालायच्या रंगाची बाटली घेऊन आला होता, आणि फ्लास्क आम्ही शेल्फच्या मागून शोधून, धूळ पुसून दिला.

मला विचारणा होते ती साधारण अशी असते. 'ताई, बी. फार्म. झालंय, लग्न होऊन अमेरिकेत आलेय, पुढे काय करू?' तर आधी कटू बातमी सांगून टाकते. परदेशी फार्मासिस्टांसाठी एफपीजीईई नावाची परीक्षा असते, ती दिली की थेट लायसन्सच्या वाटेला लागता येतं. पण १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो. आपली बी. फार्म. चार वर्षांची. एका वर्षाने हुकलं म्हणून मी चार वर्षं पुन्हा शिकले. त्याआधी कम्युनिटी कॉलेजात दीड वर्ष इंग्रजी, अर्थशास्त्र, शरीररचना असले विषय केले ते वेगळेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वर्गात पाय ठेवला तेव्हा माझं वय एकतीस होतं आणि शेजारच्या मुलीचं वीस.

वर्गात आम्ही ब्याण्णव जण. पहिल्या आठवड्यात मी सहज मोजलं तर चिनी चेहरे तीसच्या पुढे भरले. माझ्या मनात लगेच आलं, चला, आता आपला नंबर खालून मोजायचा. ही सगळी पाठांतरवाली, श्रीमंत घरची, गणितात राक्षस. हा माझा अडाणीपणा होता आणि तो उतरायला एक सेमिस्टर गेलं, म्हणून आधीच कबूल करते. त्या तीसमध्ये ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमधली, कँटोनीज ही दक्षिण चीनची भाषा बोलणारी मुलं होती, ज्यांचे आईवडील टेक-आउट, म्हणजे जेवण बांधून देणारं दुकान, चालवत किंवा शिवणकामाच्या कारखान्यात होते. क्वीन्समधल्या फ्लशिंगची, चीनची राजभाषा मंदारिन बोलणारी होती, तैवानहून आलेल्या डॉक्टरांची दोन मुलं होती, एक मुलगा व्हिएतनाममधल्या चिनी घरातला होता आणि तिघं-चौघं थेट चीनमधून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेली. ही मंडळी आपापसात इंग्रजी बोलत, कारण दुसरी सामाईक भाषाच नव्हती. कॉलेजच्या फॉर्मवर मात्र या सगळ्यांना एकच चौकोन. 'एशियन'. त्यातच मी.

एशियन विद्यार्थी अमेरिकेतल्या फार्मसी कॉलेजांत साधारण पाव भरतात आणि देशाच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण त्याच्या जवळपासही नाही. त्यामुळे 'ज्यांचं प्रतिनिधित्व कमी आहे' अशांसाठीच्या शिष्यवृत्त्या, मेंटॉर, वगैरे यांच्यासाठी नसतात. हिशेबाने बरोबरच आहे. पण त्या एका चौकोनामुळे टेक-आउटच्या काउंटरमागे वाढलेली मुलगी आणि डॉक्टरांचा मुलगा एकाच दराने 'भरपूर आहेत, यांना मदत नको' या यादीत जातात. माझी पार्टनर पहिल्या वर्षी आर्थिक मदतीच्या खिडकीवरून परत आली आणि म्हणाली, "मी फार जास्त आहे म्हणे." मग खलात झिंक ऑक्साइड टाकून जोरात घोटायला लागली.

आता कोर्सबद्दल. शिकवणं उत्तम आहे, हे मी मनापासून सांगते. पहिल्या तीन वर्षांत तीनशे तासांच्या प्राथमिक रोटेशन्स (म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकणं), चौथं वर्ष पूर्ण बाहेर, किमान १४४० तास. सहा सहा आठवड्यांचे ब्लॉक, हॉस्पिटल, दुकान, क्लिनिक. आपल्याकडे मी टॅब्लेट पंचिंग मशिनचे भाग पाठ केले होते. इथे तिसऱ्या आठवड्यात समोर खोटा पेशंट बसवून 'याला मधुमेहाचं मेटफॉर्मिन समजावून सांग' म्हणाले आणि माझी बोबडी वळली. कंपाउंडिंगची लॅब तर मला अजून स्वप्नात येते. काचेच्या पाटीवर औषधाची पावडर, तिच्याएवढाच मलमाचा बेस, दोन स्पॅच्युले. एकजीव झालं की जेवढं झालं तेवढंच पुन्हा बेस, मग पुन्हा तेवढंच. घाई केली की मलमात कणी राहते आणि कणी राहिली की मार्क जातात. माझ्या पाटीवर कायम कणी. पार्टनरचा हात मात्र असा फिरायचा की प्राध्यापिका थांबून बघायच्या. एकदा विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, "वाँटन." दहा वर्षांची असल्यापासून शनिवार-रविवार ती दुकानात वाँटन भरत होती, तासाला दोनशे. माहितीपुस्तिकेला हा फोटो घ्यायला हरकत नव्हती.

कोर्सचा कमकुवत भाग याच्या पुढे सुरू होतो.

पुस्तिकेवर चिनी चेहरा, वर्गात तीस चिनी चेहरे, आणि शिकवण्यात चीन म्हणजे काय? तर डोसच्या स्लाइडवर एक ओळ. रोसुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) : एशियन रुग्णांत ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करा, कारण रक्तातली पातळी जवळपास दुप्पट जाते. कार्बामाझेपिन (फिट्सचं औषध) : आधी एचएलए-बी*१५:०२ या जीनची चाचणी करा, नाहीतर कातडी सोलून निघेल अशी रिअ‍ॅक्शन येऊ शकते, एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००७ साली ही सूचना लेबलावर घातली आणि हा जीन हान चिनी लोकांत बराच आढळतो. दोन्ही माहित्या जीव वाचवणाऱ्या आहेत, त्यावर माझा आक्षेप नाही. पण ती स्लाइड आली की अख्खा वर्ग हळूच मान वळवून आमच्या रांगेकडे बघायचा, जणू आम्ही आत्ताच्या आत्ता सोलून निघणार. मीही त्या रांगेत. भारतीयांत त्या जीनचं प्रमाण वेगळं आहे, पण चौकोन एकच ना.

तीच गत इतिहासाची. दम्यावर वापरलं जाणारं एफेड्रिन शिकवताना रेणूची आकृती काढली आणि पुढे गेले. मा-ह्वांग या चिनी वनस्पतीतलं हे द्रव्य १९२४ च्या सुमारास आधुनिक औषधशास्त्रात आणणारे के. के. चेन हे विस्कॉन्सिनमध्ये फार्मसीच शिकलेले आणि पुढे तीसहून जास्त वर्षं एलाय लिली कंपनीत औषधशास्त्र संशोधनाचे प्रमुख होते, हे मला वर्गात कुणी सांगितलं नाही. मलेरियाच्या तासाला आर्टेमिसिनिन 'चीनमध्ये शोधलं गेलं' म्हणे. कुणी शोधलं? तू यूयू. १९५५ साली बीजिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयातून फार्मसी करून बाहेर पडलेली बाई. जुन्या ग्रंथात पाला उकळायला नव्हे, पाण्यात भिजवून पिळायला सांगितलंय हे तिच्या लक्षात आलं, मग कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरने अर्क काढला, आणि २०१५ चं नोबेल. फार्मसी शिकणाऱ्या पोरांना सांगायला याच्याइतकी हक्काची गोष्ट दुसरी नसेल, आणि यांनी ती एका कर्मणी वाक्यात उडवून लावली. आमच्या वर्गातल्या, चीनमधल्या नानजिंग शहरातून आलेल्या मुलाने हात वर करून नाव सांगितलं. प्राध्यापक म्हणाले, थँक यू, परीक्षेला नाहीये.

हा नानजिंगचा मुलगा माझ्याहून तीन वर्षांनी लहान, तिकडे फार्मसीची पदवी घेऊन आलेला. माझाच भाऊबंद. आम्ही दोघंच आपापल्या देशात एकदा फार्मासिस्ट होऊन पुन्हा पहिल्या बाकावर बसलेले. त्याच्याबद्दल पुढे येते.

आता घरच्यांविषयी, कारण फार्मसी कॉलेजात प्रवेश एकट्या पोराचा होत नाही, घरादाराचा होतो. पार्टनरच्या आईचा, म्हणजे आंटींचा, हिशेब मी त्यांच्याच तोंडून ऐकलाय. डॉक्टर व्हायला फार वर्षं लागतात आणि रात्रपाळ्या. नर्स म्हणजे लोकांचं उचलायचं. इंजिनिअरला कधीही काढून टाकतात. फार्मासिस्ट? पांढरा कोट, छताखाली उभं राहायचं, रक्त नाही, तेल नाही, आणि शाळेतून थेट सहा वर्षांच्या कोर्सला घेतात. मंदारिनमध्ये याला एक शब्द आहे, 'वन्-दिंग', स्थिर. आणि सरकारी नोकरीसाठी जुना शब्द 'लोखंडी वाटी', म्हणजे फुटत नाही अशी भाताची वाटी. गरम तेलाच्या कढईपुढे वीस वर्षं उभ्या राहिलेल्या बाईने पोरीसाठी न फुटणारी वाटी शोधली तर तिला नावं ठेवायची माझी तरी छाती नाही. आपल्याकडे 'बाबा रे, एकदा चिकटून जा' म्हणतात ते दुसरं काय असतं?

फक्त तो हिशेब जुना झाला होता. २००० नंतर कॉलेजं भराभर वाढली, आज देशात मान्यताप्राप्त कॉलेजं १४० हून जास्त आहेत. अर्ज करणारे मात्र घटले, प्रवेशासाठीची पीकॅट परीक्षा तर जानेवारी २०२४ मध्ये बंदच झाली. पगार वाईट नाही. सरकारी आकडेवारीत २०२३ चा मध्यक (अर्ध्यांना याहून जास्त, अर्ध्यांना कमी) वर्षाला १,३६,०३० डॉलर आहे. पण त्याच वर्षी शरदात औषध दुकानांच्या मोठ्या साखळ्यांतल्या फार्मासिस्टांनी कामाच्या बोजाला कंटाळून ठिकठिकाणी काम बंद ठेवलं आणि त्यातल्याच राइट एडने दिवाळखोरी जाहीर केली. आमच्या कॉलेजची फी माझ्या पहिल्या वर्षी ४४ हजार डॉलरच्या वर होती आणि दरवर्षी चढत गेली. वाटी लोखंडीच होती, पण गंजायला लागली होती, हे दुकानात बसलेल्या आंटींना कोण सांगणार? कॉलेज तर सांगणार नाहीच.

कॉलेजने घरच्यांसाठी काय केलं, तर दरवर्षी एक 'फॅमिली ओरिएंटेशन'. शनिवारी सकाळी दहा ते तीन, इंग्रजीत. टेक-आउटवाल्यांचा शनिवार म्हणजे आठवड्याची अर्धी कमाई. आंटी तरीही आल्या, नवऱ्याला कढईवर ठेवून. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून चिनी भाषेत पत्रक छापायची कल्पना निघाली होती. पत्रकात पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाबद्दल, म्हणजे रेसिडेन्सीबद्दल, एक परिच्छेद होता. भाषांतर करणाऱ्याने (की यंत्राने) त्या शब्दाचं 'देशात राहण्याचा परवाना' करून ठेवलं. म्हणजे वाचणाऱ्याला अर्थ लागला की आमचे चांगले विद्यार्थी स्पर्धेतून निवडले जातात आणि त्यांना एका वर्षाचा राहण्याचा परवाना मिळतो. आंटी अमेरिकेच्या नागरिक, पोरगी ब्रुकलिनमध्ये जन्मलेली. त्यांनी पोरीला कानात विचारलं, "आपल्याकडे आहे ना? मग हे पुन्हा का देतायत, एकाच वर्षाचं?" मागच्या रांगेत एफ-१ वाल्यांच्या चेहऱ्यावर मात्र क्षणभर असं काही उजाडलं की बघवेना. पत्रक पुढच्या वर्षीही तेच होतं.

व्हाइट कोट समारंभाचं थोडक्यात सांगते. प्रत्येकाला तीन पास. माझा नवरा एकटा आला, माझे दोन पास मी पार्टनरला दिले, तिच्या आजीला आणि धाकट्या भावाला. टेक-आउट त्या दिवशी बंद होतं; एरवी फक्त नव्या वर्षाला बंद असतं. नावं पुकारायला सहयोगी अधिष्ठाता उभ्या. माझं आडनाव काळे, ते इंग्रजीत लिहिलं की एका पालेभाजीचं नाव होतं. 'केल' म्हणून टाळ्या घेऊन मी कोट घातला. पार्टनरचं आडनाव इंग्रजीत दोनच अक्षरं, एन आणि जी, स्वर नाही. बाई थांबल्या, चष्मा सावरला आणि 'एन. जी.' म्हणाल्या, एखाद्या कंपनीचं नाव घेतात तसं. खरा उच्चार मला सोपा गेला, कारण मराठी शाळेत क, ख, ग, घ नंतर जो ङ घोकून घेतात आणि पुढे वाङ्मयाखेरीज कुठे लागत नाही, तो एकटा ङ म्हणजे तिचं अख्खं आडनाव. मी पहिल्या दिवशी ते बरोबर म्हटलं आणि तिने माझ्या शेजारची जागा कायमची घेतली. तीस मुलांची नावं आधी एकदा विचारून घ्यायला किती वेळ लागतो? पाच आकडी फी तर ते न चुकता वाचतात.

मग २०२०. फेब्रुवारीत वर्गात मास्क फक्त चिनी मुलं लावत होती, कारण घरून फोन येत होते, आणि कॉरिडॉरमध्ये लोक त्यांना वळसा घालून जायचे. मार्चमध्ये सगळ्यांनीच लावले. कॉलेजने 'आम्ही सोबत आहोत' असा एक मेल पाठवला, त्यात कुणासोबत हे लिहिलेलं नव्हतं. ऑनलाइन तासांत पार्टनर दुकानाच्या मागच्या खोलीतून हजर व्हायची, सोया सॉसच्या उपड्या बादलीवर लॅपटॉप ठेवून. मधूनच मागून आवाज यायचा, "सिक जो फान मेइ आ?" जेवलीस का? मी म्यूटवर असतानाच माझ्या आईचा व्हॉट्सअ‍ॅप यायचा, तोच प्रश्न.

चौथ्या वर्षात आम्हा दोघींना एक ब्लॉक एकत्र मिळाला, रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या क्लिनिकमध्ये. मध्यावरच्या मूल्यमापनात पार्टनरला शेरा होता, 'शांत असते, अधिक पुढाकार घेऊन बोलायला हवं.' आमच्या बॅचच्या निदान दहा चिनी मुलांना हाच शेरा मिळालाय, शब्दही तेच. त्यानंतरच्या आठवड्यात एक आजोबा आले. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनवर, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) दोन ते तीनमध्ये हवा, निघाला ५.२. नियम असा की दुभाष्या प्रशिक्षितच हवा, म्हणून प्रिसेप्टरने, म्हणजे क्लिनिकमध्ये आम्हाला शिकवणाऱ्या फार्मासिस्टने, फोनवरचा दुभाष्या लावला, मंदारिनचा. आजोबा कँटोनीजवाले, थोडं समजत होतं, थोडं नाही. नवीन औषध? नाही. जडीबुटी? नाही. हिरव्या भाज्या कमी केल्या? नाही. डोस चुकून दोनदा घेतला? नाही. प्रिसेप्टर डोस कमी करायला लिहायला लागल्या.

पार्टनर भिंतीशी उभी होती. ती परवानगी घेऊन पुढे आली, खुर्ची ओढली, आजोबांच्या गुडघ्याच्या पातळीला बसली आणि कँटोनीजमध्ये विचारलं, सध्या सूप कुठलं पिता?

आजोबांचा चेहरा खुलला. सूप म्हणजे औषध नव्हे ना, कुणी विचारलंच नव्हतं! सून रोज करून देते. हृदयाला चांगलं. त्यात लाल मुळ्या असतात. सुनेला फोन गेला, तिने पाकिटाचा फोटो पाठवला, पार्टनरने वरची दोन अक्षरं वाचली आणि प्रिसेप्टरकडे वळून शांतपणे म्हणाली, दानशन. (मला पहिल्यांदा तानसेन ऐकू आलं.) वॉरफरिनबरोबर ती मुळी घेतली की रक्त गरजेपेक्षा पातळ होतं, हे आमच्या पुस्तकात तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत आहे. परीक्षेला आलं नव्हतं. मुळी आठवडाभर बंद, कँटोनीजच्या दुभाष्याला लावून सगळं पुन्हा नीट समजावलं, सुनेचा राग येऊ नये म्हणून पार्टनरने तिला वेगळं पाच मिनिटं समजावलं ते निराळंच. मला कुणी विचारलं की कॉलेजात चिनी विद्यार्थी असण्याचा फायदा काय, तर मी पुस्तिकेचं मुखपृष्ठ दाखवणार नाही, ती ओढलेली खुर्ची सांगेन. ब्लॉक संपताना फॉर्म आला. त्यात 'भाषा' असा रकानाच नव्हता. शेरा सुधारून 'अजूनही काहीशी शांत' असा झाला.

नानजिंगच्या मुलाचं राहिलं. आईवडिलांना एकुलता, दोन्हीकडच्या आजी-आजोबांना एकच नातू; सहा म्हातारी माणसं एका पोराकडे डोळे लावून. फेडरल शैक्षणिक कर्ज एफ-१ वाल्यांना मिळत नाही, त्यामुळे चारही वर्षांचे पैसे घरून आलेले. लायसन्सची परीक्षा, नॅप्लेक्स, सहा तास, २२५ प्रश्न. अलीकडे पहिल्या फटक्यात पास होणाऱ्यांचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास घुटमळतंय. आमचं कॉलेज त्या आकड्याचा उल्लेख पुस्तिकेत अगदी शेवटी, पत्त्याच्या वर करतं. तो पहिल्या वेळी नापास झाला. पुन्हा बसायला ४५ दिवस थांबावं लागतं आणि ओपीटीचं, म्हणजे पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर काम करायच्या मुदतीचं, घड्याळ तिकडे चालू. त्या ४५ दिवसांत रोज रात्री नऊला तो इस्त्रीचा शर्ट चढवून कॅमेऱ्यासमोर बसायचा, तिकडे सकाळचे नऊ, आणि आईला सांगायचा की आज कामावर फार गर्दी होती. त्यांच्याकडे म्हण आहे, चांगलं तेवढं कळवावं, वाईट कळवू नये. शर्टाखाली घरातली चड्डी असायची, हे त्याने दुसऱ्या वेळी पास झाल्यावर आम्हाला हसत सांगितलं. मला नाही हसू आलं. कॉलेजचा समुपदेशन विभाग पदवीदान झालं की विद्यार्थ्यासाठी बंद होतो, नेमका जेव्हा लागतो तेव्हा. यासाठी मी अर्धा तारा कापलाय. खरं तर अख्खा कापायला हवा होता.

पार्टनरचं तिकडे वेगळंच रण पेटलं होतं. तिला रेसिडेन्सी करायची होती, तीच ती पत्रकातली. एक वर्ष, पगार दुकानातल्या फार्मासिस्टच्या निम्म्याहून कमी. आंटींनी बोटं मोजून हिशेब केला. सहा आणि एक सात. "सात वर्षं घालवायची होती तर डॉक्टरच नसतीस का झालीस?" आठवडाभर घरात फक्त 'जेवलीस का' एवढंच बोलणं. वडील काहीच बोलले नाहीत, त्यांनी एका रात्री तिच्या बादलीवर संत्र्याच्या सोललेल्या फोडी आणून ठेवल्या, बस. मार्चमध्ये मॅचचा, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपाचा, निकाल लागला, तिला ब्रुकलिनमधलंच हॉस्पिटल मिळालं. आंटींनी पहिला प्रश्न विचारला, तिथे कँटोनीज पेशंट येतात का? येतात म्हटल्यावर, म्हणाल्या, मग बरं.

तर, हा कोर्स घ्यावा का? पदवी भक्कम आहे, रोटेशन्स उत्तम आहेत, प्रयोगशाळेला पैकीच्या पैकी. मी आज न्यू जर्सीत एका हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे आणि ते याच कोर्समुळे. पण फी भरण्याआधी चार गोष्टी तोंडावर विचारा : मागच्या तीन वर्षांचा नॅप्लेक्सचा निकाल काय, पदवीनंतर किती महिने मदत मिळते, व्हिसावाल्या किती मुलांना नोकरी लागली, आणि घरच्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारं ऑफिसात कुणी आहे का. शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडचं उत्तर 'विद्यार्थी स्वयंसेवक आहेत' असं होतं. ती स्वयंसेवक कोण, हे ओळखलंच असेल.

मागच्या महिन्यात टेक-आउटवर गेले होते. भिंतीवर जेवणाच्या पदार्थांचे फोटो उन्हाने पिवळे पडलेत, आणि जनरल त्सोच्या चिकनशेजारी पुस्तिकेचं मुखपृष्ठ लॅमिनेट करून लावलंय. कॉलेज अजूनही तोच फोटो वापरतं. आंटींनी सूपच्या डब्याचं झाकण दाबून बसवत मला विचारलं, या फोटोचे तिला किती दिले होते गं?

पंचवीस डॉलरचं कुपन, मी म्हटलं, कॉलेजच्या पुस्तकांच्या दुकानाचं. आंटींनी ते कँटोनीजमध्ये नवऱ्याला सांगितलं, आणि कढईमागून तो माणूस, ज्याला मी चार वर्षांत चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं, एवढा हसला की काउंटरवरचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.